वाट बुडाली, पुस्तक राहिलं

पूर्वी मराठी घरातल्या पुस्तकांच्या फळीवर चार गोष्टी हमखास सापडत. एक ज्ञानेश्वरी, एक पंचांग, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आणि एखादं प्रवासवर्णन. पहिली तीन रोजच्या कामाची. चौथ्याचा तसा काही उपयोग नसे, पण सगळ्यांत जास्त हाताळलेलं पुस्तक बहुधा तेच असे. १९६० साली पु. लं.ची ‘अपूर्वाई’ आली आणि ज्या बायका माहेर आणि पंढरपूर यापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या, त्याही लंडनातल्या थंडीबद्दल अधिकारवाणीने बोलू लागल्या. त्याआधीच्या पिढीने अनंत काणेकरांचं बोट धरून रशिया पाहिला होता. विलायतेहून आलेल्या माणसाचं स्टेशनवर हार घालून स्वागत होण्याचे ते दिवस. जाणारा एक आणि ऐकणारे शंभर, असा हिशेब होता.

आता तो हिशेब उलटला आहे. आमच्या सोसायटीतल्या सोळा बिऱ्हाडांपैकी अकरा घरांतलं कुणी ना कुणी युरोप नाही तर सिंगापूर करून आलेलं आहे. शेजारचे एक निवृत्त बँक अधिकारी तर वर्षाआड कुठे ना कुठे जातात. परवा माझ्या हातात जुनं प्रवासवर्णन बघून ते म्हणाले, “सर, अहो हे कशाला वाचता आता? माझ्या फोनमध्ये स्वित्झर्लंडचे नऊशे फोटो आहेत. बसा, दाखवतो.” मी बसलो आणि पाहिले. फोटो सुरेख होते. पण त्या गावात भाकरीच्या पिठासारखं काय मिळतं, दूध घालणारा कुठून येतो, म्हातारी माणसं संध्याकाळी कुठे बसतात, हे मी विचारलं तेव्हा ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, “टूरवाल्यांनी तेवढा वेळच दिला नाही हो.”

तरीही त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘आयफेल टॉवर किती उंच’ हे कळण्यासाठी आज कुणी पुस्तक उघडणार नाही, उघडूही नये. ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’, ‘शब्द अपुरे पडले’ असल्या वाक्यांनी भरलेली प्रवासवर्णनं आपल्याकडे खंडीने निघाली. ती लिहिणाऱ्याच्या नातेवाइकांपलीकडे कुणाला हवी होती, कोण जाणे. शब्द अपुरे पडले असतील तर मग दोनशे पानं कशाने भरली, असा प्रश्न मला नेहमी पडतो. भारावून लिहिलेलं पुस्तक दहा वर्षांत शिळं होतं. पण काही पुस्तकं अशी आहेत की ज्यांच्या लेखकांनी भारावण्याआधी नोंद करून ठेवली. काय खाल्लं, किती पैसे पडले, वाटेत कोण भेटलं, कुठलं झाड फुललं होतं, विहिरीचं पाणी कसं होतं. आणि गंमत अशी की लेखकाला स्वतःला ज्या गोष्टी किरकोळ वाटल्या असतील, नेमक्या त्याच आज सोन्याच्या मोलाच्या ठरल्या आहेत.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरात दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असून ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार आहे, अशी वार्ता कानावर आली आणि विष्णुभट आपल्या रामभट काकांना घेऊन उत्तरेकडे निघाले. साल होतं १८५७. महूच्या आसपास पोचतात तो शिपायांची गडबड सुरू झालेली. कोकणातल्या या गरीब भटाने इतिहास बघायचा म्हणून घर सोडलं नव्हतं, त्याला फक्त कर्ज फेडायचं होतं. इतिहासच त्याच्या वाटेत आडवा आला.

त्यानंतर जवळजवळ अडीच वर्षं हे काका-पुतणे त्या वणव्यातून फिरत राहिले. १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा दोघे शहराच्या आतच अडकले होते. तोफांचे गोळे कसे पडत होते, लोक कुठे लपत होते, शहर पडल्यावर गोऱ्या सैन्याने कशी कत्तल आणि लूट केली, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. राणी लक्ष्मीबाईचा दिनक्रम, तिचा पोशाख, तिचं घोड्यावर बसणं हेही ते लिहितात. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला त्याचं दुःख या दक्षिणेसाठी निघालेल्या माणसाला विसरता येत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना राणी भेटते. थकलेली, तहानलेली, पुरुषी वेशात. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते आणि तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच पाणी काढते, असं म्हणते. इंग्रज अधिकाऱ्यांनी लढाईचे अहवाल लिहिले, कागदोपत्री तपशील खच्चून भरले, पण तहान लागलेली राणी त्यांच्या कागदांत सापडत नाही. ती सापडते वरसईच्या भिक्षुकाकडे.

मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. शेवटी घरी पोचताना त्यांच्या पदरात पैसा नव्हता, खांद्यावर मात्र गंगेच्या पाण्याची कावड होती. आईवडिलांना गंगास्नान घडवायचं म्हणून ती त्यांनी कोकणापर्यंत वाहून आणली. या माणसाचं मला नेहमी कौतुक वाटतं ते यासाठी की तो कुठेही वीराचा आव आणत नाही. भीती वाटली तर भीती वाटली म्हणून सांगतो. भूक लागली तर काय मिळालं ते सांगतो.

आता या पुस्तकाचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. भटजींनी हे लिहिलं १८८३च्या सुमारास, म्हणजे घटनांना पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर, आणि तेही त्यांचे यजमान असलेल्या वैद्य घराण्यातल्या चिंतामणरावांच्या आग्रहावरून. सरकारची धास्ती होतीच, म्हणून आपल्या हयातीत छापू नये अशी त्यांची अट. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली पुस्तक प्रसिद्ध केलं, पण भाषा घासूनपुसून, काही भाग गाळून. काळच तसा होता आणि छापलं हेच त्यांचे उपकार. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचलं आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ते मूळ रूपात छापून आणलं. भटजींची खरी बोली, त्यांची आडवळणं, त्यांचा प्रांजळपणा हे सगळं वाचकाला मिळायला इतकी वर्षं जावी लागली. अमृतलाल नागरांनी ते हिंदीत नेलं, अलीकडच्या काळात इंग्रजीतही त्याचे अनुवाद झाले. त्यात ऐकीव गोष्टी आहेत, तारखांचे घोळ आहेत. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिणाऱ्याचं असंच व्हायचं. पण जे त्याने स्वतः पाहिलं ते इतक्या जवळून दुसऱ्या कुणी मराठीत लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरी हे पुस्तक असेल त्यांनी कुठली आवृत्ती आहे ते एकदा जरूर पाहावं.

पंडिता रमाबाईंबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्यावर वेगळा लेख हवा. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला पोचल्या आणि पुढे दोनेक वर्षं अमेरिकेत हिंडल्या. १८८९ साली त्यांचं ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ आलं. नावातच पहा, ‘लोकस्थिती’ आधी आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, बायकांनी संस्था कशा उभ्या केल्या, हे त्या वकिलाच्या चिकाटीने मांडतात, आणि त्या देशाचं कौतुक करतानाच तिथल्या काळ्या लोकांना आणि मूळच्या रहिवाशांना काय भोगावं लागलं तेही सांगायला विसरत नाहीत. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिकडे काय पाहिलं आणि इकडे काय करायचं, हे दोन्ही त्यांच्या मनात एकदमच चाललेलं होतं. प्रवासवर्णन वाचून करमणूक व्हावी अशी अपेक्षा असणाऱ्यांना हे पुस्तक रुक्ष वाटतं. मला त्यातली रुक्ष पानंच जास्त आवडतात.

पण ज्या पुस्तकाने मला खरोखर हलवलं, त्याची गोष्ट वेगळी आहे. गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ मी पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचलं. अपुऱ्या वयात घर सोडून निघालेल्या, पुढे नर्मदेची परिक्रमा केलेल्या माणसाने लिहिलेली ही कादंबरीच्या अंगाने जाणारी कहाणी. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भडोचजवळ समुद्राला मिळते. लांबी १३१२ किलोमीटर. परिक्रमेला निघालेल्याने नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, प्रवाह ओलांडायचा नाही, एका काठाने जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. वाटेत गावोगावी सदावर्त, कुणी शिधा घालणार, कुणी पडवीत झोपायला जागा देणार. मध्ये शूलपाणीची झाडी, जिथले भिल्ल वाटसरूला अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटतात अशी ख्याती. हे वाचताना तेव्हा वाटलं होतं की एकदा या वाटेने जायचं. नोकरी, मुलांची शिक्षणं, आईचं आजारपण यात ते राहून गेलं. सगळ्यांचंच राहतं.

२०१९ साली दिवाळीनंतर योग आला, तोही परिक्रमेचा नव्हे, नुसता चार-पाच दिवस काठाने हिंडण्याचा. इंदूरला भाच्याकडे गेलो होतो, तिथून एसटीसारख्याच खडखडणाऱ्या गाडीने बडवानीला उतरलो. पिशवीत ते पुस्तक होतं. बडवानीजवळ नर्मदेचा राजघाट. तिथे गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या रक्षेवर उभारलेली समाधी होती. ‘होती’ म्हणायचं, कारण सरदार सरोवराचं पाणी चढणार म्हणून २०१७च्या जुलैत ती तिथून हलवण्यात आली. त्याच सप्टेंबरात धरणाचं लोकार्पण झालं आणि दोन वर्षांनी, २०१९च्या सप्टेंबरात, पाणी पहिल्यांदा पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला पोचलं. मी गेलो ते त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी.

घाट कुठे आहे, असं एका म्हाताऱ्याला विचारलं. त्याने हाताने समोर दाखवलं. समोर पाणीच पाणी. मला वाटलं त्याला माझं हिंदी समजलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. तो म्हणाला, तिथेच आहे, खाली. पलीकडच्या तीरावर चिखल्दा गाव होतं, तेही त्याच पाण्यात गेलेलं. पाण्यातून वर आलेले विजेचे खांब आणि एक-दोन झाडांचे वाळलेले शेंडे एवढंच दिसत होतं. काठावर दोन परिक्रमावासी बसले होते. त्यांना जुनी काठाची वाट उपलब्धच नव्हती. ते डांबरी रस्त्याने, वळसा घालून आले होते. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ कधीच पाण्याखाली गेलं, नवं देऊळ गोऱ्याला बांधलेलं आहे. त्याच्याही वर, मध्य प्रदेशात, इंदिरा सागर धरणाने २००४ साली हरसूदसारखं भरलं गाव गिळलं. महाराष्ट्राच्या बाजूने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मणिबेलीसारखी गावं. बातम्या म्हणून हे सगळं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. पण पुस्तक हातात धरून त्या पाण्याकडे बघताना कळतं की यातल्या पायवाटा, घाट, धर्मशाळा, उतार हे आता फक्त या कागदावर आहेत.

धरण हवं की नको, हा या लेखाचा विषय नाही. गुजरातच्या कोरड्या भागात त्या पाण्याने नळ वाहू लागले हेही खरं आहे आणि विस्थापितांचे प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळले हेही खरं आहे. मी इथे इतकंच म्हणतो आहे की गोनीदांनी ते लिहिलं तेव्हा त्यांना आपण एका नाहीशा होणाऱ्या वाटेची साक्ष देतो आहोत याची कल्पना असणं शक्य नव्हतं. ते आपल्या पायांची आणि मनाची हकीकत सांगत होते. साक्ष आपोआप झाली.

जंगलाच्या बाबतीत हेच झालं. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचून पाहा. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेल्या या अभयारण्यात ते जाऊन राहिले. वाघ दिसला की नाही, यावर त्यांचं पुस्तक अडून बसत नाही. पाणवठ्यावर कोण कधी आलं, माकडं काय करत होती, स्वतःला एकटं वाटलं की नाही, हे ते सांगतात आणि सोबत स्वतःच्या हातची रेखाटनं. पुढे ‘सत्तांतर’ या वानरांवरच्या छोट्या कादंबरीला १९८३चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. आज नागझिरा गोंदिया जिल्ह्यात आहे आणि २०१३ साली त्याला नवेगावसह व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आहे. जीपगाड्यांची ठरलेली वेळ असते, ठरलेला रस्ता असतो. वाघ दिसला नाही की मंडळी हिरमुसून परततात आणि पैसे फुकट गेले म्हणतात. माडगूळकर त्याच जंगलातून एक पुस्तक घेऊन आले.

मारुती चितमपल्ली यांचं ऋण आणखी वेगळं. सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात आयुष्यभर राहिला आणि २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच गेला. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या रानांत त्यांनी जे पाहिलं, आणि रानात राहणाऱ्या लोकांकडून जे ऐकलं, ते मराठीत आणलं. हे सोपं नव्हतं, कारण त्यासाठी मराठीत शब्दच नव्हते. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांनी रुळवले. पुढे ‘पक्षिकोश’ केला. माझ्या नातीला खिडकीत बसलेला पक्षी दाखवला तर ती ‘बर्ड’ म्हणते. तांबट, हळद्या, खंड्या, धोबी, वेडा राघू ही नावं तिच्या शाळेत कुणी घेत नाही. नाव माहीत नसलं की तो पक्षी कधी दिसेनासा झाला हेही लक्षात येत नाही. तिला मी रोज एक नाव सांगतो. तांबट तिला पटकन आलं, कारण तो दुपारभर ठोके घालत बसतो.

आमच्या आईकडे दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ होतं. १९५६चं पुस्तक, मराठी महिन्यांप्रमाणे बारा लेख. आई ते सलग वाचत नसे. महिना लागला की त्या महिन्याचा लेख काढायची आणि वाचून झाल्यावर समासात पेन्सिलीने काहीतरी लिहायची. तेव्हा आम्हाला ती किराणाची यादी करते असं वाटे. ती गेल्यावर पुस्तक उघडून पाहिलं तर समासात आमच्या परसातला हिशेब निघाला. पांगारा अमुक तारखेला फुलला, बहाव्याला पहिला घोस, शेजारच्या आंब्याला यंदा मोहोर नाही, कोकीळ पहिल्यांदा ऐकली. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या नोंदी, बारीक अक्षरात. तो पांगारा आता नाही, परसाच्या जागी पार्किंग आहे. पुस्तक मी जपून ठेवलं आहे आणि ते कुणाला वाचायला देत नाही, याबद्दल घरात मला बोलणी बसतात.

आता हे सगळं आजच का लिहायला बसलो ते सांगतो. मी ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, तिथे सध्या पुस्तकांचं निर्लेखन चाललं आहे. वाचनालयाच्या लोकांना हा शब्द चांगला माहीत आहे. जीर्ण, फाटकी, कुणी न नेणारी पुस्तकं दाखल नोंदवहीतून कमी करायची आणि रद्दीत घालायची. जागा कमी, माळा गळतो, वाळवी लागते, अनुदान वेळेवर येत नाही. निर्लेखनाला माझा विरोध नाही. स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शकं, चार-चार प्रतींत आलेली चरित्रं कुणी तरी काढायला हवीतच. पण दहा वर्षांत ज्याची देवघेव झाली नाही ते पुस्तक काढायचं, असा ठराव झाला आणि यादी हातात पडली, तेव्हा प्रवास, स्थलवर्णन आणि निसर्ग या एका कपाटातलीच दोनशेच्या वर पुस्तकं तीत निघाली. कादंबऱ्यांच्या कपाटातली त्या मानाने फार कमी.

मी यादी घरी आणली आणि पावसाळाभर ती पुस्तकं चाळली. निम्मी खरोखरच जायच्या लायकीची होती. ‘आमची काश्मीर सहल’ या धर्तीची, ज्यात हॉटेलच्या चहाला नावं ठेवण्यापलीकडे काही नाही. पण उरलेल्यांत एका गृहस्थाने पायी केलेल्या कोकणप्रवासाची छोटी पुस्तिका होती. कुठल्या खाडीला तर कुठे लागते, तरीवाला किती घेतो, भरती-ओहोटीचा अंदाज कसा करायचा, हे सगळं त्यात. त्यातल्या बऱ्याच खाड्यांवर आता पूल झाले आहेत. म्हणून ती रद्दीत घालायची का? कार्यकारिणीतल्या एका सभासदांनी विचारलं, “पण वाचणार कोण, सर?” मी म्हटलं, “आज कुणी नाही. पण ज्या दिवशी कुणाला ती खाडी पूर्वी कशी होती हे लागेल, त्या दिवशी दुसरीकडे मिळणार नाही.” शेवटी त्रेसष्ट पुस्तकं वाचली. बाकीची गेली. त्रेसष्टांसाठी एक लोखंडी कपाट देणगीत मिळालं आहे, ते माळ्यावर नाही, खाली वाचनकक्षात ठेवलं आहे.

त्या त्रेसष्टांत नारायण गोविंद चापेकरांचं ‘आमचा गाव बदलापूर’ आहे. १९३३चं पुस्तक. चापेकर न्यायाधीश होते, पुढल्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढा मोठा माणूस, पण विषय निवडला आपलं गाव. घरं, माणसं, जाती, शेती, दागिने, सणवार, बोलण्याची तऱ्हा, सगळं शिस्तीने लिहून काढलं. बदलापूर आज लोकलच्या गर्दीचं शहर आहे. तिथे मोठमोठ्या इमारती आहेत आणि पहाटे मुंबईला निघणारे हजारो चाकरमाने. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकून पडली आणि हजारावर उतारूंना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी ते गाव पाहिलं. तिथे नव्याने राहायला आलेल्या किती जणांना आपल्या गावावर असं पुस्तक आहे हे ठाऊक असेल? आणि आपल्यापैकी किती जणांच्या गावावर असं एखादं तरी पुस्तक आहे? सरकारी गॅझेटिअर आहेत. १८८०च्या दशकात इंग्रज अमदानीत कॅम्पबेलच्या देखरेखीखाली निघालेले ते जाडजूड ग्रंथ अजूनही कामाला येतात. पण त्यांत गावाच्या वाट्याला चार ओळी येतात, त्यांतल्या दोन देवळाच्या आणि एक बाजाराच्या वाराची.

हे सगळं वाचनालयाच्या मासिक सभेत मी जरा जोरातच बोललो असणार. सभा संपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. आमच्या गावात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आयुष्यभर पंप दुरुस्तीचं काम केलेलं, शाळा सातवीपर्यंत. म्हणाले, “सर, मला पुस्तक वगैरे जमायचं नाही. पण गावातल्या एकूण एक विहिरीत मी उतरलोय. लिहून ठेवू का?”

त्यांना दोनशे पानी वही दिली. महिनाभराने घेऊन आले. एक्केचाळीस विहिरी. कुणाच्या वाड्यातली, किती हात खोल, पायऱ्यांची की रहाटाची, आत कपार कुठे आहे, उन्हाळ्यात पाणी किती खाली जाई, कुणी बुजवली, कोणत्या साली, वर आता काय आहे. एका विहिरीवर बँकेची शाखा आहे, एकीवर मुलींच्या शाळेची गॅलरी. सव्वीस बुजल्या, नऊ कोरड्या, सहा अजून जिवंत. अक्षर ओबडधोबड, र्‍हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. मी एकही दुरुस्ती केलेली नाही. चिंतामणराव वैद्यांची आठवण होती.

परवा पुन्हा आले होते, डोक्याला कान झाकणारा रुमाल बांधून. खुर्चीत बसले, वही उघडली आणि जरा संकोचून विचारलं, “सर, प्रत्येक विहिरीच्या पाण्याची चव वेगळी होती. गोडं, मचूळ, लोखंडासारखं. तेही लिहू?”

“लिहा,” मी म्हटलं, “आणि कोणत्या पाण्यात डाळ शिजत नसे तेही लिहा.”

ते हसले. “ते आमच्या घरात विचारावं लागेल,” म्हणाले आणि वही काखेत मारून निघाले.